५३ सेकंदांचा विमानप्रवास

दोस्तांनो, विमान म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? खिडकीची जागा, खाली कापसासारखे ढग, हवाईसुंदरीने दिलेला खाऊ! पण गोळीचा कागद सोडवेपर्यंत विमान उतरलंसुद्धा, तर?

असा प्रवास खरंच आहे, बरं का! नकाशात स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही वर बघा. तिथे ऑर्कनी बेटं दिसतील. त्यांतली वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही शेजारशेजारची. (पापा म्हणजे बाबा नव्हेत हं! पूर्वी तिथे राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंवरून हे नाव पडलं.) दोन्ही विमानतळांमधलं अंतर अवघं २.७ किलोमीटर. आपल्या मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच सुमारे ३.४ किलोमीटर लांब आहे!

वेळापत्रकात या उड्डाणाला २ मिनिटं दिलेली असतात. वारा मदतीला आला, तर तेवढीही लागत नाहीत. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने हे अंतर ५३ सेकंदांत कापलं, तो विक्रमच ठरला.

आता वही-पेन्सिल घ्या. २.७ किलोमीटर ५३ सेकंदांत, म्हणजे ताशी वेग किती? साधारण १८३ किलोमीटर. या मार्गावरचं 'आयलँडर' हे दोन पंख्यांचं छोटं विमान याहून बरंच जोरात जाऊ शकतं. मग जात का नाही? अहो, जाणार कुठे! वर चढतंय न चढतंय, तोच उतरायची तयारी. म्हणून विमानाचा वेळ नुसत्या भागाकाराने काढता येत नाही. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. ताशी ८०० ने भागलं तर तासही भरत नाही, पण वेळापत्रक जवळजवळ दीड तास दाखवतं. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं.

आई म्हणेल, "एवढ्याशा अंतराला विमान कशाला? होडीने जावं!" होडी आहेच की. पण हे विमान मुळात कर्कवॉल या मोठ्या गावाहून येतं आणि एस.टी.सारखं वाटेतली बेटं घेत जातं. १९६७ साली हा मार्ग सुरू झाला. पापा वेस्ट्रेची वस्ती २०११ च्या जनगणनेत होती फक्त ९०! तिथल्या माणसांना दवाखान्याच्या मोठ्या कामासाठी कर्कवॉलच गाठावं लागतं. शिक्षक आणि डॉक्टरही याच विमानाने ये-जा करतात. दाट धुकं पडलं की मात्र विमान येत नाही आणि समुद्र खवळलेला असला तर होडीचाही भरवसा नाही. अशा दिवशी ते २.७ किलोमीटर केवढे मोठे वाटत असतील!

आणि हो, या विमानात प्रवासी मावतात जेमतेम ८. हवाईसुंदरी नाही, सहवैमानिकही नाही. त्यामुळे नशीब असेल, तर एका प्रवाशाला चक्क वैमानिकाच्या शेजारची जागा मिळते!