जुन्या कपाटाचे नवे फडताळ

मॉड्युलर किचनचा खर्च ऐकून अनेकांचा स्वयंपाकघर बदलण्याचा बेत बारगळतो. अशा वेळी घरात अडगळ ठरलेले सागवानी कपाट उपयोगी पडते. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातूनही ते आणता येते. सागात नैसर्गिक तेल असल्याने दमट हवा आणि वाळवी यांना तो सहज बधत नाही. याउलट, पार्टिकल बोर्डाच्या उघड्या कडेत पाणी शिरले की तो फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

काम फारसे अवघड नसते. बिजागऱ्या बदलाव्यात, फळ्यांवर सनमायका लावावा आणि ओल लागू नये म्हणून पायांखाली ग्रॅनाइटचे तुकडे ठेवावेत. उंच कपाट भिंतीला स्क्रूने पक्के करणे आवश्यक आहे.

खरी काळजी घ्यावी लागते ती जुन्या ऑइलपेंटची. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. कोरडा पॉलिश पेपर फिरवल्यास त्याची धूळ घरभर पसरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ती घातक ठरते. रंग शाबूत असेल तर तो न खरवडता त्यावरच नवा हात देणे उत्तम. पोपडे निघत असतील, तर घासण्याचे काम घराबाहेर, मुलांना दूर ठेवून, पाणी लावून वॉटर पेपरने करावे. ब्लोलॅम्पने रंग जाळणे मात्र कटाक्षाने टाळावे.