आकडा आणि दाणे
अहमदपूरच्या घरात चार वर्षांचं लेकरू मोबाइलवर पाचच्या आकड्याला बोट लावतं, टाळ्या वाजतात. पण पाच म्हणजे किती, हे तुरीचे दाणे मोजतानाच कळतं. अ‍ॅप जरूर द्यावं, शेजारी मोठं माणूस मात्र हवं. त्या माणसालाच गणिताची धास्ती असेल तर? शिकागोतल्या पहिलीच्या ५८७ मुलांचा २०१५चा अभ्यास इथे धीर देतो: पालकांसोबत अ‍ॅपवरची गणितं सोडवल्याचा सर्वाधिक फायदा अशाच घरांतल्या मुलांना झाला. मराठीची अडचण वेगळी. सत्तावीस म्हणताना सात आधी, लिहिताना दोन. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ सुचवलं तेव्हा वाद पेटला, पण अडचण खरीच होती. इंग्रजी बोलणारं अ‍ॅप ती टाळतं. दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या ती डोळ्यांपुढे मांडतात.