तुरटपणावरून वर्तवलेलं भाकीत

फ्रान्समधल्या बोर्दो भागात दर वर्षी एप्रिलच्या सुमारास एक विचित्र परीक्षा घेतली जाते. आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडलेल्या द्राक्षांची लाल वाइन अजून ओकच्या पिंपातच असते. बाटलीत जायला तिला आणखी वर्षभराचा अवकाश असतो. तरीही देशोदेशींचे परीक्षक येतात, त्या कच्च्या नमुन्याचा घोट तोंडात घोळवतात, थुंकतात आणि वहीत नोंदवतात, की ही वाइन दहा वर्षांनी उघडावी, तीस वर्षं टिकेल. या नोंदींच्या भरवशावर मोठाले सौदे होतात. वाचणाऱ्याला ते चवीचं वर्णन वाटतं, पण खरं तर ते भाकीत आहे. आज तोंडाला कोरड पाडणारा द्रव वीस वर्षांनी कसा असेल, याचा तो अंदाज असतो. म्हणून तो तपासायचाही भाकितासारखाच. तसं तपासलं तर एक गंमत दिसते. परीक्षकाची जीभ ज्या बाबतीत खरोखर भरवशाची आहे, तिचा फारसा गाजावाजा होत नाही. ज्या बाबतीत ती हमखास चुकते, तेच आकडे मात्र बाटलीच्या गळ्यात अडकवले जातात.

आधी ही वाइन मिश्रणच का असते ते पाहू. बोर्दोची लाल वाइन एका वाणाची क्वचितच असते. जिरोंद खाडीच्या डाव्या काठावर वाळू-गोट्यांची, पाणी न धरणारी, लवकर तापणारी जमीन आहे. तिथे कॅबर्ने सोव्हिन्यों रुजतं. उजव्या बाजूला, सेंत-एमिलियों आणि पोमरोलच्या चिकणमातीत मर्लो अधिक. मर्लो आधी पिकतं, कॅबर्ने मागाहून. आणि थंड, पावसाळी वर्षी कॅबर्ने पुरतं पिकतच नाही. मग त्याला ढोबळी मिरचीचा वास येतो. हा वास देणारं मेथॉक्सिपायराझिन हे रसायन इतकं तीव्र, की लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. आपल्याकडे ज्वारीत तूर पेरणारा शेतकरी जो हिशेब करतो, तोच हा हिशेब आहे: एक हुकलं तर दुसरं हाताशी. कॅबर्नेचे मणी लहान, साल जाड, म्हणून रसाच्या मानाने टॅनिन जास्त. मर्लो अंगाने भरीव आणि मऊ. कॅबर्ने फ्रांक सुगंध देतं, आणि उशिरा पिकणारं पेती व्हेर्दो रंग व धार देतं, तेही चिमूटभर. (कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्रांक आणि सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाणाच्या आपसूक झालेल्या संकराचं अपत्य आहे, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९९७मध्ये डीएनए तपासून दाखवलं. तोवर हा वाण फार प्राचीन असल्याच्या कथा सांगितल्या जात.)

आता त्या तोंडाच्या कोरडेपणाकडे येऊ. इथे मराठी वाचक थोडा पुढेच आहे, कारण त्याच्याकडे ‘तुरट’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं, उकळून कडक झालेला कोरा चहा यांतली ती संवेदना. षड्रसांत कषाय म्हणून तिला आंबट-गोडाच्या पंगतीत बसवलेलं असलं, तरी शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती मुख्यतः चव नव्हे, स्पर्श आहे. आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिनं असतात, ती तोंडाला वंगण पुरवतात. टॅनिन त्यांना पकडून गोठवतं, वंगण संपतं आणि जीभ टाळूवर घासू लागते. म्हणूनच दुसरा घोट पहिल्यापेक्षा तुरट लागतो आणि तिसरा दुसऱ्यापेक्षा, आणि म्हणूनच वीस वाइन ओळीने चाखणाऱ्याने शेवटच्या वाइनला ‘फार कडक’ म्हटलं, तर त्यात वाइनइतकाच त्याच्या आटलेल्या लाळेचाही दोष असतो. आम्लता वाढली की तुरटपणाही वाढल्यासारखा वाटतो. पण एवढ्या अडचणी धरूनही प्रशिक्षित परीक्षक-मंडळांनी तुरटपणाला दिलेले गुण आणि प्रयोगशाळेत प्रथिनांच्या साक्याने मोजलेलं टॅनिन यांचा चांगला मेळ बसतो. या कामात जीभ बऱ्यापैकी विश्वासू उपकरण आहे.

तुरटपणा मोजायचा कशासाठी? तर मुरण्याचा कच्चा माल तोच आहे. तरुण लाल वाइनचा जांभळा रंग सालीतल्या अँथोसायनिनमुळे असतो. हे रंगद्रव्य एकटं टिकत नाही, काही वर्षांतच त्याचा बराचसा भाग नाहीसा होतो. टिकतं ते टॅनिनशी जोडलं गेलेलं रंगद्रव्य. या जोडणीला पिंपाच्या लाकडातून आणि बुचातून झिरपणारा अत्यल्प ऑक्सिजन मदत करतो. जांभळ्याचं माणकासारखं, माणकाचं विटकरी होतं, तळाशी गाळ बसतो. पेला तिरपा धरून परीक्षक कडेचा रंग पाहतात तो वाइनचं वय कळावं म्हणून. टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडून मोठे होतात, जड होऊन खाली बसतात आणि म्हणून वाइन मऊ होते, ही पाठ्यपुस्तकी गोष्ट मात्र अर्धीच खरी आहे. वाइनच्या आम्लात टॅनिनच्या साखळ्या तुटतही असतात. मऊपणा या जोड-तोडीचा आणि रंगद्रव्यांशी झालेल्या संयोगाचा एकत्रित परिणाम असतो. या सगळ्याचा वेग तापमानावर अवलंबून आहे, म्हणून तळघर बारा-चौदा अंशांचं हवं. मे महिन्यात नाशिकच्या बंद फ्लॅटमध्ये ठेवलेली बोर्दोची बाटली मुरत नाही, नुसती म्हातारी होते.

मात्र नुसतं टॅनिन म्हणजे आयुष्य नव्हे. लोणच्यात मीठ-मोहरी कितीही चोख असली, तरी कैरी पिलपिली असेल तर मुरून काय हाती लागणार? वाइनचा ताजा फळासारखा गंध देणारी काही एस्टर संयुगं पहिल्या काही वर्षांतच विघटित होतात. त्यांच्या जागी तंबाखू, चामडं, देवदाराच्या पेटीसारखे गंध हळूहळू येतात. म्हणजे दोन शर्यती एकाच वेळी चालू असतात: तुरटपणा निवण्याची आणि फळ सरण्याची. बोर्दोचा १९७५चा हंगाम कठोर टॅनिनमुळे दीर्घायुषी ठरवला गेला होता. त्यातल्या बऱ्याच वाइनमधलं फळ आधी सुकलं आणि तुरटपणा मागे राहिला. १९८२ची गोष्ट उलटी. ती वाइन इतकी पिकलेली, इतकी लोभस लागत होती, की काही जाणकारांनी ती फार टिकणार नाही असं ठरवलं. टॅनिन होतं, पण ते पिकल्या फळाआड दडलं होतं. त्या हंगामातल्या उत्तम बाटल्या पुढे कित्येक दशकं टिकल्या. तेव्हा परीक्षकाने ‘किती तुरट?’ यावर थांबून चालत नाही. तुरटपणा कोणत्या पोताचा आहे, तोंडभर पसरतो की हिरड्यांना ओरबाडतो, घोट थुंकल्यावर आधी फळ विरतं की आधी कोरड, हे पाहावं लागतं. माझ्या मते वाइनच्या परीक्षेतला सर्वांत मोलाचा क्षण हा थुंकल्यानंतरचा असतो, आणि वर्णनांत त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी शब्द येतात.

इथे शंकेखोर वाचक विचारेल, की हे सगळं थोतांड असल्याचं केव्हाच सिद्ध झालं ना? पुरावे त्याच्या बाजूनेही आहेत. २००१मध्ये बोर्दोतल्याच फ्रेडेरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली. त्यांनी तिचा वास लाल वाइनच्या शब्दांत वर्णन केला. नाक डोळ्यांच्या हुकमतीखाली वागलं. कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यातल्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी काही वर्षं परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली. त्यांच्या २००८च्या निबंधानुसार तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीत गुण देऊ शकणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के निघाले. हे आक्षेप मला पूर्ण मान्य आहेत, फक्त ते कशावर आहेत हे नीट पाहायला हवं. पहिला प्रयोग गंधांना नावं देण्याविषयी आहे. दुसरा, सगळ्या अनुभवाचा एका आकड्यात लगदा करण्याविषयी. आम्लता, टॅनिन, मद्यार्क यांची पातळी ओळखता येत नाही, असं दोन्ही म्हणत नाहीत. तापमापी बरोबर आहे, पण त्यावरून ‘आजच्या दिवसाला ९४ गुण’ असं कोणी जाहीर केलं, तर चूक तापमापीची नसते. शंभरपैकी ९५ आणि ९७ यांतला फरक, ज्याच्यावर बाटलीची किंमत कित्येक पटींनी हलते, तो परीक्षकांच्या याच विसंगतीत बुडालेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जीभ हवीच कशाला? प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी १९५२ ते १९८० या हंगामांच्या बोर्दो वाइनच्या लिलावातल्या किमती घेतल्या आणि त्या हिवाळ्यातला पाऊस, वाढीच्या काळातलं सरासरी तापमान, तोडणीच्या वेळचा पाऊस आणि वाइनचं वय यांच्याशी ताडून पाहिल्या. किमतींतल्या चढउतारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक भागाचा उलगडा एवढ्यावरच झाला, एकही घोट न घेता. १९९०च्या सुमारास यावरून बरीच चिडचिड झाली. अॅशनफेल्टर यांचं गणित बरोबरच आहे, आणि एप्रिलच्या कच्च्या नमुन्याने हंगामाबद्दल जे कळतं ते पावसाच्या नोंदींनी आधीच कळतं, हेही. पण सूत्र हंगाम ओळखतं, बाटली नाही. त्याच उन्हात, त्याच पावसात शेजारच्या दोन मळ्यांपैकी एकाने कच्च्या बियांचं टॅनिन रसात उतरू दिलं, दुसऱ्याने नाही. एकाने मर्लो वाढवून कॅबर्नेची धार झाकली, दुसऱ्याने ती राखली. हा फरक पर्जन्यमापकात उमटत नाही. तिथे तोंडच लागतं.

आणि तोंडापेक्षा लेबलवर विसंबलं तर काय होतं, याचा पन्नास वर्षं जुना दाखला उपलब्ध आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांकडून लेबलं झाकून चाखणी करवली. लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची १९७३ची स्टॅग्ज लीप पहिली आली, बोर्दोची १९७०ची मूतों रोत्शिल्ड दुसरी. फरक नगण्य होता, आणि हॉजसन यांचे निष्कर्ष पाहता त्या क्रमावर फार नाचण्यात अर्थ नाही. खरं कुतूहल त्यानंतरच्या फ्रेंच बचावाचं आहे: आमची वाइन कोवळी होती, कॅलिफोर्नियाची आत्ता गोड लागते पण मुरायची नाही. हे तपासता येण्यासारखं भाकीत होतं. २००६मध्ये त्याच वाइन पुन्हा उघडल्या. पहिले पाचही क्रम कॅलिफोर्नियाचे, आणि सर्वांत वर १९७१ची रिज मॉन्टे बेलो, जी १९७६मध्ये पाचवी होती. मॉन्टे बेलोचा मळा सांताक्रूझच्या डोंगरात, सुमारे ८०० मीटरपर्यंत उंच, थंड जागी. वाइनमध्ये आम्लता भरपूर, मद्यार्क बारा टक्क्यांच्या आसपास. तीत मुरण्याचं सामान होतं. घटना घडून गेल्यावर हे सांगणं सोपं आहे, हे कबूल. पण ‘मुरणार नाही’ म्हणणाऱ्यांनी पेल्यातलं सामान मोजलं नव्हतं, नकाशा पाहिला होता.

भाकिताला जुन्या अनुभवाचा आधार लागतो आणि आता तोच सरकतो आहे. बोर्दोत तोडणी पूर्वीपेक्षा लवकर होते. साडेबारा टक्क्यांच्या जागी चौदा टक्के मद्यार्क सर्रास दिसतो. ढोबळी मिरचीच्या वासाची भीती जवळपास गेली आहे, आम्लता कशी टिकवायची ही नवी काळजी. २०२१मध्ये तूरिगा नॅसिओनाल, मार्सेलान यांसारख्या चार नव्या लाल वाणांना अधिकृत परवानगी मिळाली, पण मळ्याच्या पाच टक्के क्षेत्रापुरती आणि मिश्रणाच्या दहा टक्क्यांपर्यंतच. १९८२ची आठवण काढून २०२२च्या उष्ण, कोरड्या हंगामाची वाइन जोखणारा परीक्षक टॅनिन बरोबर वाचेल, आम्लताही. पण असं सामान तीस वर्षांनी काय होतं, ते दाखवणाऱ्या जुन्या बाटल्या तळघरांत फारशा नाहीत.