निकरचे मूळ आणि फुल पँटची प्रतीक्षा

मराठी घरांत मुलांच्या अर्ध्या चड्डीला ‘निकर’ म्हणतात, त्या शब्दाचे मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंग यांनी १८०९ मध्ये ‘डीड्रिख निकरबॉकर’ या टोपणनावाने त्या शहराचा विनोदी इतिहास लिहिला. पुढील एका आवृत्तीत जॉर्ज क्रुकशँक यांनी डच वसाहतकऱ्यांना गुडघ्याशी आवळलेल्या घोळदार विजारी चढवल्या आणि तशा विजारीला तेच नाव चिकटले.

त्या शतकात अमेरिकेतील लहान मुलगे झगेच घालीत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या १८८४ मधील छायाचित्रात अडीच वर्षांचे भावी राष्ट्राध्यक्ष पांढरा झगा, लांब केस आणि पिसांची टोपी अशा थाटात बसले आहेत. यात कोणाला वावगे वाटत नसे. लंगोट बदलायला आणि वाढत्या अंगाला झगा सोयीचाच. पाच-सहा वर्षांच्या सुमारास पहिली विजार मिळे. हा जवळजवळ मुंजीसारखाच टप्पा! त्यानंतर गुडघ्यापर्यंतची तोकडी विजार किंवा बक्कल लावलेली निकरबॉकर, आणि किशोरवयात लांब पँट. आवाज फुटल्यावरही निकरमध्येच अडकलेल्या मुलाची कुचंबणा सहज कल्पिता येते.

१९४० च्या दशकात निकरबॉकर जवळपास नाहीशी झाली. लेवी स्ट्राउस व जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेली, रिव्हेट ठोकलेली कामगारांची विजार पुढे बालवाडीपर्यंत पोहोचली. शाळेत फुल पँटसाठी आठवीची वाट पाहिलेले कित्येक मराठी वडील आज न्यू जर्सीत दोन वर्षांच्या मुलाला आपल्यासारखीच जीन्स घालतात.