घर घेताना वकील आपला असावा

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, मुंबईचा मदनपुरा, अशा सर्व ठिकाणी आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांची उमरभराची कमाई शेवटी राहत्या घरात जाते. कापडाचा तागा घेताना आम्ही भिंग लावून तार मोजतो, पन्हा मोजतो, डाग पाहतो, आणि मग भाव बोलतो. पण पन्नास लाखांचे घर घेताना दलाल म्हणतो, "कागद साफ आहेत, वकील आपल्याकडेच आहे," आणि आम्ही मान हलवून बयाणा देऊन टाकतो. हा कुठला हिशेब झाला?

"आपल्याकडेच आहे" म्हणजे कोणाकडे, हे आधी विचारले पाहिजे. तो वकील विकणाऱ्याचा किंवा बिल्डरचा असतो. तो माणूस बेईमान असतो असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याची फी त्याचे काम, हा धंद्याचा कायदा आहे. विकणाऱ्याच्या वकिलाने घेणाऱ्याच्या फायद्याचे कलम करारात का घालावे?

यात आमच्या समाजाची एक खास अडचण आहे. जे लोक बँकेचे कर्ज घेतात त्यांच्या घराचे कागद बँक निदान एकदा तरी आपल्या वकिलाकडून तपासून घेते. तो तपास बँकेच्या पैशासाठी असतो, तरी तपास होतो. आमच्यातले पुष्कळ लोक व्याजापासून दूर राहण्यासाठी कर्ज घेत नाहीत. दागिने मोडून, भावाकडून कर्ज-ए-हसना घेऊन, माल विकून रोकड उभी करतात. मग कागद तपासणारा तिसरा माणूस मध्ये येतच नाही. म्हणजे ज्याला वकिलाची गरज सर्वात जास्त, तोच वकील करीत नाही.

आता वारसाहक्काची गोष्ट, कारण जुन्या घरांचे निम्मे झगडे इथूनच निघतात. समजा घरमालक वारला. मागे बीवी, दोन मुलगे आणि दोन मुली. मयताचे आईवडील आधीच वारलेले. हनफी कायद्याप्रमाणे घराचे ४८ हिस्से करा. बीवीचे ६, प्रत्येक मुलाचे १४, प्रत्येक मुलीचे ७. मालक वारला त्याच क्षणी हे हिस्से ज्याचे त्याला मिळतात, फेरफार होवो न होवो. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मात्र पुष्कळदा दोन भावांचीच नावे लागलेली असतात. ते दोघे आपल्याला घर विकतात, पूर्ण किंमत घेतात, आणि कायद्याने आपल्या पदरात पडतात ४८ पैकी २८ हिस्से. उरलेले २० आई आणि बहिणींचे असतात. त्यांच्या सहीशिवाय ते कोणी विकू शकत नाही. दहा वर्षांनी एखाद्या बहिणीचा मुलगा कोर्टात उभा राहिला तर तो हक्काचेच मागतो आहे, त्याला दोष देता येत नाही.

आपला वकील असला की तो पहिला सवाल हाच करतो: मयत कधी वारला, वारस कोण कोण, बहिणींचे नोंदणी केलेले हक्कसोडपत्र आहे का? "बहिणींनी सोडून दिले आहे, घरात बोलणे झाले आहे," एवढ्यावर तो थांबत नाही. आमचे मत असे की बहिणींना खरेदीखतावर सही करायला बोलवावे आणि त्यांचा पैसा त्यांच्याच नावाच्या चेकने द्यावा. कायद्याचा तकाजाही पुरा होतो आणि कोणाचा हक्क मारून घेतलेल्या छताखाली राहावे लागत नाही.

वारसांत कोणी नाबालिग असेल तर आणखी सावध. आई मुलाचा सांभाळ करते, पण मुस्लिम कायद्यात ती त्याच्या जमीनजुमल्याची कायदेशीर वली नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ सालीच हे साफ केले आहे. कोर्टाच्या परवानगीशिवाय आईने नाबालिगाचा हिस्सा विकला तर ती विक्री टिकत नाही, मग आईची नियत कितीही चांगली असो.

तसेच हिबाचे. तोंडी हिबा आमच्या कायद्यात चालतो. देणाऱ्याने जाहीर केले, घेणाऱ्याने कबूल केले आणि ताबा दिला, की झाला. २०११ साली सुप्रीम कोर्टाने हेही म्हटले की अशा हिबाची लेखी नोंद केली म्हणून ती रजिस्टर करावीच लागते असे नाही. पण घेणाऱ्यासाठी हीच पंचाईत आहे. विकणारा म्हणतो, वालिदसाहेबांनी मला हिबा केला होता, आणि वालिदसाहेब तर आता नाहीत. ताबा खरोखर दिला होता का, घरपट्टी कोणाच्या नावाने भरली, बाकीचे वारस मान्य करतात का, हे वकिलाने शोधायचे. जागा वक्फची तर नाही ना, हेही वक्फ बोर्डाकडे तपासून घ्यावे. २०१३ च्या दुरुस्तीने वक्फ मिळकतीच्या विक्रीला साफ बंदी घातली आहे.

कारखान्यांच्या वस्त्यांतून स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणि कुलमुखत्यारपत्र देऊन कितीतरी घरे हातोहात फिरली आहेत. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०११ मध्ये सांगितले की अशा कागदांनी मालकी मिळत नाही; नोंदणी केलेले खरेदीखतच लागते. नोटरीचा शिक्का फार तर सही कोणी केली ते सांगतो, घर कोणाचे ते सांगत नाही.

वकिलाकडून निदान तीस वर्षांचा सर्च मागावा. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतील जुन्या सूचीची पाने पुष्कळ वेळा फाटलेली असतात. कोणत्या सालाची पाने मिळाली नाहीत ते अहवालात लिहून घ्यावे. पेपरात जाहीर नोटीस द्यावी, आणि ती उर्दू दैनिकातही द्यावी, कारण ज्या नातेवाइकांनी हरकत घ्यायची ते तेच वाचतात. करार मराठी किंवा इंग्रजीत असतो. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांनी तो वकिलाकडून ओळन् ओळ वाचून समजून घ्यावा, त्यात शरम नाही. नवीन इमारत असेल तर महारेराचा नंबर, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. करार रजिस्टर होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

वकील कागद पाहतो, खांब पाहत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत पटेल कंपाउंडची जिलानी बिल्डिंग रात्री झोपेत कोसळली आणि तीसहून जास्त माणसे गेली. जुन्या इमारतीत घर घेताना इंजिनियरची फी वेगळी समजावी.

मुंबईत फोर्टकडे 'सॉलिसिटर' अशी पाटी दिसते. ती वेगळी परीक्षा आहे, बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते. मोठ्या मिळकतीत त्यांचा उपयोग आहे, पण एका फ्लॅटसाठी सॉलिसिटरच हवा असे नाही. मिळकतीचे काम नेहमी करणारा, सनद असलेला आणि त्याच तालुक्याच्या कचेऱ्या ओळखणारा वकील पुरे. फौजदारीत नाव कमावलेला वकील ओळखीचा आहे म्हणून त्याच्याकडे जाऊ नये. डोळ्यांच्या दुखण्याला कोणी हाडवैद्याकडे जात नाही. फी आधी ठरवावी. सर्च, अहवाल, करार आणि नोंदणीची हजेरी यांची रक्कम वेगवेगळी लिहून घ्यावी आणि पावती मागावी.

पैसा चेकने किंवा बँकेतून द्यावा. घराच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला २०१५ पासून तेवढ्याच रकमेचा दंड आहे. देणाऱ्याचे नुकसान वेगळेच: खरेदीखतात न लिहिलेली रोकड सौदा फिसकटल्यावर कोणत्या कागदाने परत मागणार?

खरेदीखतावर सही झाली की चार महिन्यांच्या आत ते नोंदणीस हजर करावे लागते. नोंदणीनंतर मूळ दस्त आणि सूची क्रमांक दोन आपल्या हातात घ्यावी, दलालाच्या पिशवीत राहू देऊ नये. मग उताऱ्यावर, घरपट्टीवर आणि सोसायटीत नाव चढवण्याचे अर्ज त्याच वकिलाकडून करून घ्यावेत, आणि फीचा शेवटचा हप्ता नाव चढल्यावर द्यावा, असे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावे.