किंमत, कलंक आणि पत

माणसाच्या श्रमाची किंमत बाजार ठरवतो, असे अर्थशास्त्राचे पहिले पाठ सांगतात. परंतु त्याची पत बाजार ठरवू शकत नाही. ती दुसऱ्या माणसाने त्याच्यावर ठेवलेल्या विश्वासातून निर्माण होते. किंमत आणि पत यांतील हे अंतर इटलीचा फुटबॉलपटू पाओलो रॉसी याच्या कारकीर्दीत जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच कोठे दिसत असेल. १९७८ साली ज्याच्यासाठी डोळे विस्फारणारी बोली लागली, तोच १९८० साली बंदीच्या शिक्षेने मैदानाबाहेर काढला गेला आणि १९८२ साली जगज्जेत्या संघाचा नायक ठरला.

रॉसीचा जन्म २३ सप्टेंबर १९५६ रोजी, कापडधंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रातो शहरात झाला. तुरिनच्या युव्हेन्टस क्लबने त्याला किशोरवयातच हेरले. परंतु अंगकाठी किरकोळ आणि गुडघ्यांवर एकामागून एक शस्त्रक्रिया झालेल्या. १९७६ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीतील विचेंझा या लहान क्लबकडे गेला. तेथील प्रशिक्षक फाब्री यांनी त्याला कडेवरून काढून आघाडीच्या मध्यभागी आणले. पहिल्याच हंगामात २१ गोल करून त्याने क्लबला वरच्या श्रेणीत नेले. पुढील हंगामात तेथेही २४ गोल केले आणि विचेंझा चक्क युव्हेन्टसच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आले.

या यशातूनच एक विलक्षण व्यवहार उद्भवला. त्या काळी इटलीत एका खेळाडूची मालकी दोन क्लबांकडे निम्मी-निम्मी असू शके. आपसांत तडजोड न झाल्यास दोघांनी बंद लिफाफ्यात रक्कम लिहून द्यायची. अधिक रक्कम लिहिणाऱ्याचा खेळाडू. १९७८ मध्ये युव्हेन्टसने सुमारे ८७ कोटी लिरा लिहिले, तर विचेंझाने २६१ कोटी लिरांहून अधिक, आणि तेही केवळ उरलेल्या निम्म्या हिश्श्यासाठी! देशभर गदारोळ उडाला. ज्याच्यासाठी हा लिलाव झाला, त्याच्या इच्छेला मात्र त्यात स्थान नव्हते. कराराची मुदत संपली तरी खेळाडू क्लबशी बांधलेलाच राही. ही वेठ मोडण्याची सुरुवात १९८१ च्या कायद्याने झाली. सामाईक मालकीची पद्धत बंद करण्याचा निर्णय तर २०१४ साली झाला. आणि एवढी किंमत मोजूनही विचेंझाच्या पदरी काय पडले? पुढच्याच वर्षी क्लब खालच्या श्रेणीत घसरला.

रॉसी मग पेरुजा क्लबकडे उसना गेला. त्याच्यासाठी पैसा उभा करताना त्या क्लबने खेळाडूंच्या अंगावरील सदऱ्यांवर एका शेवया-पास्ता बनविणाऱ्या कारखान्याचे नाव झळकवले. ३० डिसेंबर १९७९ रोजी अव्हेलिनोविरुद्धचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पेरुजाचे दोन्ही गोल रॉसीचे होते. १९८० मध्ये बेकायदा पैजांचे प्रकरण उघडकीस आले आणि हा सामना संशयाच्या भोवऱ्यात सापडला. क्रीडा न्यायाधिकरणाने रॉसीवर तीन वर्षांची बंदी घातली. अपिलात ती दोन वर्षांवर आली. मिलान आणि लाझिओ या क्लबांनाही खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले. फौजदारी न्यायालयाने मात्र सर्व आरोपींना निर्दोष सोडले, कारण क्रीडाक्षेत्रातील फसवणुकीला गुन्हा ठरवणारा कायदाच तेव्हा नव्हता. तो १९८९ मध्ये झाला. रॉसी अखेरपर्यंत आपण निर्दोष असल्याचे सांगत राहिला. ते काहीही असो, शिक्षा त्याने भोगली, हे निर्विवाद आहे.

बंदी एप्रिल १९८२ च्या अखेरीस संपली. युव्हेन्टसने त्याला आधीच परत घेतले होते. हंगामात उरलेले जेमतेम तीन सामने तो खेळला. तरीही राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक एन्झो बेअरझोट यांनी स्पेनमधील विश्वचषकासाठी त्याची निवड केली आणि त्या हंगामात साखळीत सर्वाधिक गोल करणाऱ्या प्रुझोला वगळले. वृत्तपत्रे तुटून पडली. पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटले, रॉसीला एकही गोल करता आला नाही. टीका इतकी बोचरी झाली, की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणेच थांबवले. बेअरझोट मात्र बधले नाहीत.

५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोनात ब्राझीलविरुद्ध रॉसीने तीन गोल केले. इटली ३-२ ने जिंकली. उपान्त्य सामन्यात पोलंडविरुद्ध दोन, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध पहिला गोल त्याचाच. एकूण सहा गोल, स्पर्धेतील सर्वाधिक. त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याला मिळाला.

या कथेचा सोयीस्कर अर्थ असा लावला जातो, की रॉसीने गोल करून कलंक धुऊन काढला. हा अर्थ तपासून घ्यायला हवा. गोल हा निर्दोषत्वाचा पुरावा नसतो. उलट, ज्या जमावाने जुलैमध्ये त्याला डोक्यावर घेतले, त्यातील अनेकांनी जूनमध्ये त्याला झिडकारले होते. म्हणजे जमावाचा हिशेब पुन्हा किमतीचाच होता. पत दिली ती एकट्या बेअरझोट यांनी, आणि तीही गोल होण्यापूर्वी. ती भोळी दया नव्हती. १९७८ च्या विश्वचषकात त्यांनी रॉसीचा खेळ जवळून पाहिला होता. जाणतेपणी पत्करलेली ती जोखीम होती. रॉसी स्पेनमध्ये अपयशी ठरला असता, तरी शिक्षा पूर्ण केलेल्या माणसाला त्याच्या गुणवत्तेनुसार संधी देण्याचे तत्त्व चुकीचे ठरले नसते.

हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही. निलंबनाची मुदत संपवून कामावर परतलेला कर्मचारी असो वा परीक्षेतील गैरप्रकाराची शिक्षा भोगून वर्गात परतलेला विद्यार्थी, शिक्षेची मुदत कागदावर असते, संशयाला मात्र मुदत नसते. प्रत्येकाच्या वाट्याला विश्वचषक येत नाही. समाजाने पत परत देण्यासाठी पराक्रमाची अट घातली, तर सामान्य माणसाची शिक्षा कधीच संपणार नाही.

रॉसी १९८७ मध्ये निवृत्त झाला. ९ डिसेंबर २०२० रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा विचेंझाच्या कॅथेड्रलमध्ये १९८२ च्या सहकाऱ्यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. लिफाफ्यातील आकडा तोवर इतिहासजमा झाला होता, ती लिराही चलनातून गेली होती. टिकून राहिली ती माणसांनी दिलेली पत.