गाणे आपले, तर हक्कही आपलाच राहिला पाहिजे!

भीमजयंती जवळ आली की गावोगावचे कवी, गायक आणि वादक कामाला लागतात. नवी गाणी लिहिली जातात, रेकॉर्ड होतात, यूट्यूबवर येतात आणि चौकाचौकात वाजतात. पण त्या गाण्याचा मालक कोण, हा प्रश्न आपल्यातले फार थोडे जण विचारतात. कॅसेटच्या काळात आपल्या अनेक कलावंतांनी एकरकमी बिदागी घेऊन न वाचताच कागदावर सही केली. कॅसेटी वर्षानुवर्षे खपल्या. कवीच्या घरात मात्र पुढे काहीच आले नाही. आज कॅसेट गेली, मोबाइल आला. सही करण्याची पद्धत मात्र बदललेली नाही. म्हणून कॉपीराइट कायदा, १९५७ आपल्या तरुणांनी समजून घेतला पाहिजे.

एका गाण्यात चार हक्क

शब्द कवीचे असतात. चाल संगीतकाराची असते. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा असतो. आणि गायक-वादकांना आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो. म्हणजे स्टुडिओचा खर्च केला म्हणून निर्माता आपोआप शब्दांचा आणि चालीचा मालक होत नाही. कुणाच्या नोकरीत राहून गाणे लिहिलेले नसेल, तर शब्दांचा पहिला मालक कवीच.

नोंदणी नसली तरी हक्क आहे

गाणे कागदावर उतरले की कॉपीराइट तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही. मात्र वाद कोर्टात गेला तर नोंदणीचा दाखला पुरावा म्हणून उपयोगी पडतो. गीत किंवा चालीच्या नोंदणीची फी ५०० रुपये असून अर्ज ऑनलाइन करता येतो. तेही जमत नसेल तर तारखेसह हस्तलिखित, चालीचे पहिले रेकॉर्डिंग आणि निर्मात्याशी झालेले संदेश जपून ठेवा.

सही करण्याआधी काय पाहावे?

हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा असेल तर लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते. तोंडी बोलण्याने हक्क जात नाही. करारात कोणते गाणे, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे स्पष्ट हवे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणूनच ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण जगभर’ असे शब्द दिसले की थांबा, वकील मित्राला दाखवा.

२०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकारांना मोठे संरक्षण दिले. चित्रपटाबाहेरच्या गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला आपला समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. याविरुद्ध करार केला तरी तो रद्दबातल ठरतो. ही रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटण्याचे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. कवी, संगीतकार आणि त्यांचे वारस तिचे सभासद होऊ शकतात.

मुदत आणि वारस

शब्द आणि चालीवरचा हक्क निर्मात्या कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. महाकवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गीतांचा कॉपीराइट २०६४ अखेरपर्यंत आहे. उलट, बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनाची मुदत ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपली. ते मूळ लेखन आता कुणालाही छापता येते. पण त्याच्या अनुवादावर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, आणि निधनानंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते.

नाव गाळणे हाही अन्याय

हक्क विकला तरी कवी म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा काढून तिथे दुसऱ्याचे नाव घालणे हा त्या अधिकाराचा भंग आहे. इथे आपणही आपल्याकडे पाहिले पाहिजे. दुसऱ्याचे गाणे स्टेजवर गाताना कवीचे नाव घेतो का? दुसऱ्या चित्रकाराचे पोस्टर घेऊन त्यावर आपल्या मंडळाचे नाव टाकतो का? ‘समाजाचेच आहे’ म्हणून समाजातल्याच कलावंताची मेहनत फुकट वापरणे हे शोषणच आहे.

शाहिरांनी आणि गायन पार्ट्यांनी बाबासाहेबांचा विचार वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवला. त्यांच्या म्हातारपणी सत्काराची शाल देऊन आपली जबाबदारी संपत नाही. प्रत्येक तालुक्यातल्या वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी जयंतीआधी एक दिवस विहारात बसावे, कलावंतांचे करार वाचून द्यावेत, गाण्यांची यादी आणि नोंदणी करून द्यावी. या जयंतीचे पहिले गाणे रेकॉर्ड होण्याआधी एवढे काम आपण नक्की करू शकतो.

जयभीम!